'दुसऱ्या वंशाचा शेजारी चालेल का?' हे मराठवाड्यात कसं विचारायचं

पळसपान :
मंडळी, एक शब्द हवा आहे. खरं तर तीन-चार हवे आहेत.

एका सर्वेक्षणाची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणायचं काम हाती आहे. संभाजीनगर, जालना आणि नांदेडमध्ये घरोघर जाऊन विचारायची आहे. बाहेरून आलेल्या, वेगळ्या रंगारूपाच्या माणसांबद्दल लोकांच्या मनात काय आहे, त्यांना इथं वाईट वागवलं जातं असं लोकांना वाटतं का, आणि ती इथं मिसळून गेली असं कधी म्हणायचं, असा एकूण विषय. त्यातला एक प्रश्न वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे या जगभर चालणाऱ्या पाहणीत बरीच वर्षं विचारला जातो: पुढच्या यादीतले कोणते लोक तुम्हाला शेजारी म्हणून नको आहेत? यादीत दारुडे आहेत, वेगळ्या धर्माचे आहेत आणि वेगळ्या वंशाचेही आहेत.

सरळ 'दुसऱ्या वंशाचे' असं लिहून आमच्या गल्लीतल्या एका आजींना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच वंशाचे राहतात की गं सगळे. आमची भावकी तर गंगापूरला आहे."

म्हणजे 'वंश' बाद. आता वर्णद्वेष, वंशद्वेष, वंशवाद यांतलं काय घेऊ? दुसऱ्या देशातून किंवा राज्यातून येऊन राहिलेल्याला काय म्हणू? आणि तो इथल्या समाजात सामील होतो, त्या क्रियेला?

गोदातीर :
आजींचं काही चुकलं नाही. मराठीत वंश म्हणजे कूळ. वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश, सगळीकडे तेच. संस्कृतात वंश म्हणजे बांबूही, एका पेरातून पुढचं पेर निघतं तशी पिढी. आर्यवंश, मंगोलवंश, मानववंशशास्त्र ही सगळी १९व्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांमागून आलेली मंडळी. ती शाळेच्या भूगोलात राहिली, ओट्यावर कधी आली नाहीत.

'वर्णद्वेष' वर्तमानपत्रांतून ओळखीचा झाला तो दक्षिण आफ्रिकेमुळे. तिथल्या गोऱ्या सरकारने १९४८ पासून जे धोरण राबवलं, त्याला आपल्याकडे 'वर्णद्वेषी राजवट' म्हणत. पण वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातलाही वर्ण. 'तुमच्या भागात वर्णभेद आहे का' असं विचारलंत तर उत्तर जातीबद्दल येणार, हे धरून चला. ते उत्तर चुकीचं समजून खोडू नका मात्र. १९६५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वांशिक भेदभावाच्या व्याख्येत वंश, रंग, राष्ट्रीय मूळ यांच्या जोडीला 'जन्माने मिळालेलं कूळ' हाही आधार आहे. भारताने हा करार १९६८ साली मान्य केला. पुढे २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जात त्यात बसते का यावर मोठा वाद झाला. आपलं सरकार म्हणालं बसत नाही. कराराच्या देखरेख समितीने २००२ मध्ये सांगितलं की बसते.

बाबासाहेबांचं म्हणणं या दोन्हींहून वेगळं आणि जास्त अडचणीचं. जात वंशातून निघाली, हा सिद्धान्त त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातच मानला नव्हता. एकाच प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, असं ते पुढे १९३६ मध्ये ठासून म्हणाले. तरीही १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती आणि अस्पृश्यांची स्थिती यांत साम्य आहे म्हणून. वंश एकच असताना वागणूक मात्र तीच. तुमच्या प्रश्नावलीला हे पचेल का बघा.

कोरडवाहू :
आमच्या गावात बाहेरच्याला पाव्हणा म्हणतेत. 'काय पाव्हणं, कोण्या गावचे?' एवढ्यात सगळी चौकशी होते. जात, काम, कुणाच्या ओळखीने आले, समदं.

पळसपान :
कोरडवाहू काका, पाव्हणा किती दिवस पाव्हणा राहतो?

कोरडवाहू :
म्हण हाय ना. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.

बालाघाट :
काका, लई खरं बोललात.

मी बीड जिल्ह्यातला, नोकरीला पुण्यात. रंगाचं राहू द्या, ताई, जिभेचं विचारा. 'करायलो', 'जायलो', 'काय बोलायलास' असं तोंडातून गेलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "मराठवाड्याचा का?" खोली बघायला गेलं की मालक गावाचं नाव ऐकून दोन मिनिटं गप्प. मराठी बोलणारा, मराठी राज्यातला, तरी बाहेरचाच. पश्चिमेकडं जुनी माणसं अजून म्हणतात, 'ही काय मोगलाई लागून गेली का?' मोगलाई म्हणजे कोण, तर आपणच. निजामाच्या मुलखाला तिकडं मोगलाई म्हणत. आपल्या गावाचं नाव बेबंदशाहीला दिलंय आणि आपणही ते खुशाल वापरायलोत.

ऊसतोडीचं तर बोलायलाच नको. दिवाळीच्या मागंपुढं गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जोडप्याला 'एक कोयता' म्हणून मोजतात. माणसं दोन, हत्यार एक, आणि मोजणी हत्याराची. कारखान्याच्या भागात फडाशेजारी खोप्या घालून सहा-सहा महिने राहायचं, तिथल्या लेखी नाव एकच, 'बीडवाले'. लातूरचे असले तरी बीडवाले. गावच्या नळावर पाणी भरायला गेलं की कळतं शेजारी चालतो का नाही ते.

मोंढा :
बालाघाट भाऊ, हेच आमच्या जालन्यात उलट्या बाजूने चालतं. इथल्या लोखंडाच्या कारखान्यांत भट्टीवर काम करायला बिहार, यूपी, एमपी, ओडिशाची पोरं. गावाच्या तोंडी सगळे 'बिहारी'. ओडिशाचा पोरगा बिचारा सांगून सांगून थकतो. दुसरा शब्द भय्या. त्यांच्या बोलीत थोरल्या भावाला भैया म्हणतात, मानाने. आपल्याकडे तो एका जातीच्या प्राण्याचं नाव असल्यासारखा वापरतात: 'एक भय्या ठेवलाय', 'दोन भय्ये पाठवतो'. संबोधन म्हणून वापरला की ठीक वाटतो, 'एक' लावलं की बिघडतो.

८ मे २०२० आठवतं का? लॉकडाऊनमध्ये जालन्याहून रुळांवरून भुसावळकडे चालत निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. शहडोल, उमरिया भागातले होते. आदल्या दिवसापर्यंत तेच 'बिहारी' होते. दुसऱ्या दिवशी बातम्यांत ते 'स्थलांतरित मजूर' झाले, भाषणांत 'श्रमिक बांधव' झाले. 'स्थलांतरित' हा शब्द मला तेव्हापासून जरा गारच वाटतो. सरकारी फॉर्ममध्ये शोभतो. घरोघर फिरणार असाल तर तो टाळा, बाईमाणसांना कळत नाही आणि कळला तरी डोळ्यांसमोर कुणी उभं राहत नाही.

पळसपान :
'परप्रांतीय' चालेल का मग? तो सगळ्यांना कळतो.

गोदातीर :
कळतो, पण तो प्रश्न राहत नाही, सभेतली घोषणा होते. शिवाय प्रांत आता आहेत कुठे? प्रांत इंग्रजांचे. ते जाऊन राज्यं झाली, पण 'परराज्यीय' कुणी म्हणेना, 'परप्रांतीय' मात्र टिकून राहिला. आणि एक गंमत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी हैदराबाद राज्यात. म्हणजे त्या तारखेपर्यंत पुण्याच्या हिशेबाने परभणीचा माणूस परप्रांतीयच होता, आणि आपल्या हिशेबाने पुण्याचा माणूस 'गैरमुलकी'.

हा 'मुलकी' शब्द तुमच्या विषयाच्या गाभ्यातला आहे, म्हणून जरा विस्ताराने. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकरी मुलकी माणसालाच, असा नियम झाला. मुलकी कोण? इथं जन्मलेला, किंवा पंधरा वर्षं इथं कायमचं राहून परत न जाण्याची हमी देणारा. मागे उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिकलेले लोक हैदराबादच्या कचेऱ्या भरत होते, त्यावरचा राग होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट गेली, नियम राहिला. १९५२ मध्ये वारंगळ आणि हैदराबादेत 'गैरमुलकी गो बॅक' म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला. या वेळी राग मद्रासकडून आलेल्यांवर होता. म्हणजे बाहेरचा बदलत गेला, शब्द तोच. पुढे तेलंगणात तर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरवले आणि आंध्र प्रदेश पुन्हा पेटला. आपल्या बाजूला मुलकी शब्द आता फक्त वडीलधाऱ्यांच्या कागदांत. 'भूमिपुत्र' त्याच्या जागी आला, पण मुलकीत निदान एक दार होतं. पंधरा वर्षं राहा, आमचा हो. भूमिपुत्र व्हायला कोणता अर्ज करायचा?

मोंढा :
सर, हे पंधरा वर्षांचं भारी आहे. माझ्या ओळखीत त्याहून जास्त काळ इथं राहिलेले आहेत. पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मराठी माझ्यापेक्षा चांगली. अजून 'बिहाऱ्याची पोरं'.

गोदातीर :
मुलकीच्याही मागं जा. मराठी गावगाड्यात दोन तऱ्हेचे शेतकरी. मिरासदार, ज्याची जमीन वंशपरंपरेची. आणि 'उपरी', बाहेरून येऊन कसणारा. उपऱ्याला वर्ष संपलं की निघून जायची मोकळीक, सारा कधी कमीही, पण गावच्या हक्कात आणि मानपानात वाटा नाही. आपला 'उपरा' या घराण्यातला. तो त्वचा बघत नाही, हक्क बघतो. हिंदी-उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत वतन म्हणजे पाटीलकी, देशमुखी, हक्काची मिळकत. आपण मायभूमीच्या शब्दालाही सातबारा जोडला.

आणि सगळ्यांत नवल 'गरीब'चं. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी. बहमनी काळात इराण-तुर्कस्तानाकडून आलेल्या सरदारांना दख्खनमध्ये 'गरीब' किंवा 'आफाकी' म्हणत, आणि ते चांगले गब्बर होते. महमूद गवान हा गिलानचा व्यापारी, वजीर झाला, बिदरला मदरसा बांधला. तो या गरिबांचा म्होरक्या. इथले जुने, म्हणजे तरी काय, काही पिढ्यांपूर्वी दिल्लीकडून दौलताबादेत आलेल्यांचे वंशज, ते 'दखनी'. दखनी सरदारांनी बनावट पत्र उभं करून १४८१ मध्ये सुलतानाकडून गवानचा शिरच्छेद करवला. आणि हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले, सरदार कुठल्या गोटात होते? दखनींच्या. तेही समुद्रापलीकडून आलेले, पण त्यांना 'परके' धरलं नाही. कोण परका हे तेव्हाही आधी गोट बघून ठरायचं.

पळसपान :
सर, हे प्रश्नावलीत मावणार नाही पण वाचायला मजा आली. हबशीचा विषय निघालाच आहे तर विचारते. संभाजीनगरात येमेन, सुदान, सोमालियाकडचे विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून शिकायला येतात. त्यांना लोक काय म्हणतात यावर मी कान ठेवला. 'हबशी' ऐकलं नाही. 'निग्रो' ऐकलं, 'काळे' ऐकलं, 'अरबी पोरं' ऐकलं. 'फॉरेनर' मात्र त्यांना कुणीच म्हणत नाही! फॉरेनर म्हणजे वेरूळ-अजिंठ्याला आलेला गोरा पर्यटक. त्याच्यासोबत फोटो काढतात. पासपोर्ट दोघांकडेही आहे.

खामनदी :
हबशी गेला नाही ताई, घरात आहे. माझ्या काळ्या रंगावरून एक मावशी मला लहानपणी हबशीच म्हणायच्या, लाडाने. लाड कितपत होता ते मला माहीत आहे. स्थळ बघताना तर आपल्याकडे काळा हा शब्दच नसतो, 'सावळी', 'निमगोरी', 'उजळ'. विठोबाला काळा म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही, सुनेला म्हणताना अडखळते.

आणि हे कुठल्या शहरात? जे हबशाने वसवलं. मलिक अंबर इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. दख्खनमध्ये त्याला विकत घेणारा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगीझ खान, तोही मूळचा हबशीच. अंबर पुढे स्वतः निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, नहर आणली, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ ला वारला, कबर खुलदाबादला. एवढ्या माणसाला जहांगीर आपल्या आठवणींत रंगावरून शिव्या देतो. त्याच्या चित्रकाराने, अबुल हसनने, एक चित्र काढलंय: बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही, म्हणून चित्रात मारला.

घरातलीही एक हकिकत आहे, पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलेली. अंबरने आपली मुलगी सुलतान मुर्तझाला दिली होती. सुलतानाच्या इराणी बेगमेने तिला काळी गुलाम म्हणून हिणवलं. मुलगी बापाकडे रडली, आणि पुढे सुलतान आणि ती बेगम दोघं विषाने मेले. कितपत खरं-खोटं ते इतिहासवाले बघतील, पण 'आपल्याकडे रंगाचा द्वेष इंग्रजांनी आणला' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगावीशी वाटते.

बालाघाट :
खामनदीताई, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. पाणचक्कीची सहल तेवढी झाली.

कोरडवाहू :
आमचं पोरगं 'नेपाळी' म्हणतं चायनीजच्या गाड्यावरल्याला. ते आसामचं निघालं.

गोदातीर :
असल्याच नजरेपायी दिल्लीत २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा निडो तानिया नावाचा विद्यार्थी गेला. केसांवरून चिडवलं, भांडण झालं, मारहाण झाली. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली.

आता पळसपान, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. शेजाऱ्याचा प्रश्न विचारायची पद्धत अमेरिकेत एमोरी बोगार्डस या समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये बसवली. एकेक पायरी विचारायची: या लोकांशी सोयरीक चालेल? मित्र म्हणून? गल्लीत शेजारी? कामावर सोबती? देशाचा नागरिक? निव्वळ पाहुणा? की देशातच नको? हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, हा तर आपला रोटी-बेटी व्यवहार. आपल्याकडे ही मोजपट्टी कधीपासून घरोघर आहे, तिला सर्वेक्षण लागलं नाही. कुणाच्या हातचं पाणी, कुणाच्या घरचं जेवण, कुणाच्या घरी मुलगी. म्हणून माझा आग्रह असा की वंश, वर्ण, द्वेष हे शब्द प्रश्नातून पार काढा. 'वंशद्वेष आहे का?' म्हटलं की उत्तर 'छे, आपल्याकडे कुठला, तो अमेरिकेत.' 'सुदानच्या मुलाला खोली द्याल का?' म्हटलं की माणूस विचारात पडतो, आणि तो विचारात पडला हेच तुमचं उत्तर.

पळसपान :
पटलं. एकच शब्द राहिला, सामील होण्याचा. 'एकात्मता' सरकारी वाटतो, लगेच राष्ट्रीय एकात्मता सप्ताह आठवतो. 'समावेशन' तर कुणालाच कळणार नाही.

खामनदी :
रुळणे, रमणे, मुरणे, मिसळणे, सामावून घेणे. बघा, पहिले चारही येणाऱ्याने करायचे. एकटा 'सामावून घेणे' यजमानाकडे. दोन्ही विचारा, वेगवेगळे. 'ते इथं रुळले का' आणि 'आपण त्यांना सामावून घेतलं का'. उत्तरं जुळली तर मला आश्चर्य वाटेल.

गोदातीर :
आमच्याकडे नांदेडला म्हणतात, 'त्याला इथलं पाणी मानवलं.' गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथं ज्योतीज्योत समावले, आणि पुढे १९व्या शतकात रणजितसिंहांच्या पंजाबातून निजामाकडे आलेली लाहोरी फौज. त्या घरांतले लोक आज दखनी शीख म्हणवतात. बाजारात मराठी, घरात दखनी, पंजाबातून नवा आलेला यात्रेकरू त्यांना ऐकून चकित होतो. पण त्यांना कुणी कधी 'मिसळलात का' विचारलेलं मी ऐकलं नाही. स्वतःची पगडी, स्वतःचा लंगर, स्वतःची मोहल्ल्याची रीत ठेवून ते नांदेडचे आहेत. 'विरघळले का' असा अर्थ निघेल असा शब्द मात्र घेऊ नका.

पळसपान :
मग सध्याचा खर्डा असा. 'वंश' कुठेच नाही.

'दुसऱ्या राज्यातून किंवा देशातून कामासाठी, शिकण्यासाठी येऊन इथं राहणारी माणसं' असं एकदा सांगायचं, पुढे 'बाहेरून आलेली माणसं'. मग: तुमच्या घरातली खोली यांना भाड्याने द्याल का? त्यांच्या घरी जेवाल का? तुमच्या घरच्या लग्नात बोलवाल का? त्यांच्याशी सोयरीक? प्रत्येक ठिकाणी बिहारचा मजूर, सुदानचा विद्यार्थी, गोरा परदेशी, आसामचा मुलगा असे वेगळे विचारायचे. शेवटी रुळणं आणि सामावून घेणं, दोन प्रश्न.

बालाघाट :
यादीत 'पुण्याहून आलेला' पण टाका. आणि एक प्रश्न उलटा घाला: तुमच्या घरचं कुणी बाहेरगावी राहतं का, त्याला खोली मिळताना काय विचारलं? आमच्या जिल्ह्यात तरी प्रत्येक घरातून उत्तर येईल. तो आधी विचारा, मग खोलीचा.

पळसपान :
आधी विचारला तर पुढची उत्तरं बदलतील ना, बालाघाट भाऊ. लोक लाजेने हो म्हणतील. शेवटी ठेवते.

बालाघाट :
बदलू द्या की.

गोदातीर :
ताईंचं बरोबर आहे, शेवटी ठेवा.

मोंढा :
माझ्याकडून दोन बारीक गोष्टी. खोलीचा प्रश्न बायांना वेगळा विचारा, घरमालक पुरुष 'देतो की' म्हणतो आणि आतून निरोप येतो की जागा नाही. दुसरं, 'भाड्याने' काढा. जालन्यात कुणी भाड्याने म्हणत नाही, किरायाने म्हणतात. भाडं गाडीचं असतं.